घडी कोणी मोडायची

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. वसुधा समर्थ. आईचं नाव मी त्यांच्यानंतर घेतो. हे एकदा आईलाच सांगितलं, तर ती म्हणाली, "घे बाबा. मी काय, निसता जनम दिला." बारवी धरणाकडच्या आमच्या पाड्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी पदवीधर झालो, साड्यांची डिझाइनं काढून पोट भरू लागलो, आज नवी मुलं मला 'सर' म्हणतात, हे सगळं मॅडममुळे झालं. पण त्या प्रेमळ होत्या, असं मला लिहिता येणार नाही. बऱ्याच जणांनी माझ्याकडून ते वदवून घ्यायचा प्रयत्न केला. वरून कडक, आतून मऊ, असं काहीतरी असेलच ना, म्हणतात. मी त्यांच्या हाताखाली पुष्कळ वर्षं काढली. मऊ जागा मला सापडली नाही.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत साड्या छापण्याचा एक कारखाना होता. खाली लांबच लांब टेबलं, रंगाचा वास आणि ओलं कापड. वर जिन्याच्या शेवटी डिझाइनची खोली. मॅडम त्या खोलीच्या प्रमुख. मी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे ट्रेसर म्हणून लागलो. कोणी काढलेल्या फुलातला लाल रंग एका फिल्मवर उतरवायचा, हिरवा दुसऱ्या फिल्मवर, एवढंच माझं काम. नुकतं लग्न झालं होतं आणि कारखान्याजवळ बुवापाड्यात एक खोली भाड्याने घेतली होती.

मॅडम उंच आणि वाळलेल्या होत्या. अंबाड्यात नेहमी पेन्सिल खोचलेली. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला होता. कपाळाला काही लावत नसत, पण अंगावर कारखान्यातली सगळ्यात नवी, सगळ्यात भडक साडी. त्यावरून खालचे छपाईवाले काय काय बोलायचे. मॅडमना ते ठाऊक होतं. जिन्यावरून उतरताना त्या मुद्दाम सावकाश उतरायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभं करून माझ्या पँटकडे पाहिलं.

"ही पँट कुठे होती रात्री?"

"गादीखाली, मॅडम."

"इस्त्री नाही?"

"नाही."

"तर मग ऐक. घडी दुकानदार घालतो. निरी बाई घालते. चुणी अंग घालतं. आणि सुरकुती घालतात तुझ्यासारखी माणसं. या चारांतला फरक ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मला तोंड दाखव. तोवर मान खाली घालून ट्रेसिंग कर. त्याला अक्कल लागत नाही."

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, कारण काय करावं ते कळेना.

त्यांची डिझाइन तपासायची पद्धत एकच होती. कोणी कितीही सुंदर कागद रंगवून आणला तरी त्या तो टेबलावर ठेवून पाहत नसत. कागद हातात घ्यायच्या, निऱ्यांसारखा दुमडायच्या, पोटाशी धरायच्या आणि खोलीभर चालायच्या. "साडी भिंतीवर टांगत नाहीत. पसरलेली साडी फक्त धोबी बघतो," असं त्यांचं म्हणणं. दुमडल्यावर फुलाचं फूल राहिलं पाहिजे, आणि चालताना ते फूल निरीतून डोकावून परत आत गेलं पाहिजे. नाही जमलं तर कागद फाडायच्या. रंग ओला असेल तर हात खराब व्हायचे म्हणून ज्याचं डिझाइन त्यालाच फाडायला लावायच्या.

दळवी म्हणून आमच्यात एक जुने डिझायनर होते, पन्नाशीला आलेले, हाताला फार सुबक. त्यांनी मोराचं डिझाइन केलं. मॅडमनी तो कागद दुमडला आणि दळवींच्याच हातात दिला.

"खोचा कमरेला. आणि चाला."

"मॅडम, मी?"

"मग कोण? मोर तुमचा आहे."

दळवींनी पँटमध्ये कागदाच्या निऱ्या खोचल्या. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. रंग घेऊन वर आलेला खालचा एक माणूस दारात उभा राहिला.

"थांबा. काय दिसतं?" मॅडमनी आम्हा सगळ्यांना विचारलं.

आम्ही वाकून पाहायला लागलो.

"मी सांगते. बाईच्या पोटावर मुंडी मुरगाळलेला कोंबडा."

मोराची मान खरोखरच निरीत अडकून मोडली होती. हे सगळ्यात वाईट. मॅडम चुकीचं कधी बोलायच्या नाहीत. दळवी दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. त्यांची पेन्सिलींची पेटी त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला. त्या पोरालाही मॅडमनी सांगितलं, "बाबांना म्हणावं, मान जरा वर घेतली असती तर चाललं असतं." तो बिचारा बापाच्या मानेबद्दल समजला.

माझ्या शिक्षणाचंही असंच. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातून सोडलं होतं, हे त्यांना कुठून तरी कळलं. त्यांनी माझं ट्रेसिंगचं पेन काढून घेतलं आणि कॉलेजात नाव घालेपर्यंत दिलं नाही. दर रविवारी अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या फ्लॅटवर जाऊन मी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायचा, असा हुकूम निघाला. त्या समोर बसून स्केचिंग करत, आणि मध्येच मान न उचलता प्रश्न टाकत. मी एका वर्षी इतिहासात नापास झालो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात आलो तर माझ्या टेबलावर पेढ्यांचा पुडा.

"वाट सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "खालीसुद्धा. विचारलं तर सांग, इतिहासात नापास झालो, तोंड गोड करा."

मी वाटले. छपाईवाल्यांनी दोन दोन उचलले. पुढच्या वर्षी मी पास झालो तेव्हा पेढे नव्हते. त्या एवढंच म्हणाल्या, "आता निदान चुका शुद्ध मराठीत करशील." तरीही मी सांगतो, तो पेढ्यांचा पुडा नसता तर मी पुन्हा परीक्षेला बसलो नसतो. यात अभिमान वाटावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या आम्हाला कधी कधी देवळात नेत. अंबरनाथचं जुनं शिवमंदिर आम्हाला लहानपणापासून जत्रेपुरतं माहीत. मॅडम त्याच्या भिंतीवरच्या दगडी बायकांपुढे आम्हाला उभं करायच्या. "मांडीवरून कापड कसं गेलंय बघा. तीन रेघा आहेत फक्त. तीन रेघांत दगड झुळझुळीत झालाय. दगडाला चुणी पडते, तुमच्या कागदाला पडत नाही. कागदापेक्षा कडक तुमची डोकी." मी त्या तीन रेघा किती वेळा काढल्या असतील. आजही हात रिकामा असला की त्याच निघतात.

आमच्या साड्या उल्हासनगर कॅम्प दोनमधले सिंधी व्यापारी जेठानंद शेठ घ्यायचे. दुकानात पांढऱ्या गाद्या, मागे छतापर्यंत साड्यांच्या घड्यांचे गठ्ठे. शेठचा आणि मॅडमचा वाद जुनाच होता, आणि आमच्या धंद्यातला तोच खरा वाद आहे. शेठ म्हणायचे, "मॅडम, कस्टमर पहले घडी देखता है. गठ्ठ्यात साडीचा एवढासा तुकडा वर दिसतो. आपके पीस में उधर क्या दिखता है? आधा पत्ता! साईं, आधे पत्ते का कोई पैसा देगा?"

"शेठ, घडी नेसून कोणी लग्नाला जात नाही."

"अरे, पण नेसायच्या आधी विकली तर पाहिजे ना!"

म्हणजे गठ्ठ्यातली घडी आणि अंगावरची निरी, या दोघींना एकाच वेळी खूश करील असं डिझाइन पाहिजे. मॅडमना निरीच हवी होती. एकदा मी मॅडमबरोबर दुकानात गेलो होतो, त्या दिवशी शेठ जरा जास्त बोलले. मॅडम उठल्या, पायातल्या चपला काढल्या, गादीवर चढल्या, आणि गठ्ठ्यातली एकेक साडी ओढून पदराला धरून हवेत झटकायला लागल्या. गादीवर हा एवढा ढीग.

"आता बघू दे तुमच्या कस्टमरला. सगळी साडी."

शेठ कपाळाला हात लावून हसले. मोठा व्यापारी तो, त्याला तमाशाही परवडत होता. पण घड्या घालायला दुकानात एक म्हातारा नोकर होता, त्याचे हात कापायचे. तो त्या ढिगाकडे बघत राहिला. मी नकळत खाली बसून एक साडी उचलली.

"भोईर, चल. ते तुझं काम नाही," मॅडम दारातून म्हणाल्या. आणि त्या म्हाताऱ्याकडे बघून, "यांचं आहे."

एकदा आई मला भेटायला कारखान्यात आली. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं नेसायची, भात लावणाऱ्या बायका नेसतात तसं, मागे कासोटा. सोबत पिशवीत तांदूळ आणि वाल. मॅडम जिन्यावरून येत होत्या. थांबल्या. आईला वर घेऊन गेल्या, खिडकीशी उभं केलं आणि कागद काढला.

जेवणाची सुट्टी संपून गेली तरी आई उभीच होती. मॅडम फक्त सांगायच्या, "वळा. वाका. तसंच राहा." कोणी पाणी दिलं नाही. मी स्टूल पुढे केलं, तर मॅडम म्हणाल्या, "बसली तर कासोटा मोडेल." चित्रं मात्र अशी उतरली की मी तसं काही पुन्हा पाहिलं नाही. मांडीवर ताणलेलं कापड, कमरेशी साठलेल्या चुण्या, त्यात एका बाईचा सगळा जन्म. चेहरा एकाही कागदावर नव्हता.

संध्याकाळी स्टेशनला जाताना मी आईला विचारलं, "कशा वाटल्या मॅडम?"

"बाईनी माज्याकडं बगलाच नाय रं," आई म्हणाली. "निसता लुगडा बगत व्हती."

त्या चित्रांतून मॅडमची सगळ्यात गाजलेली साडी निघाली. आमच्या पाड्यात ती अजून कोणी नेसलेली नाही.

आता निमूताईंबद्दल लिहायला हवं. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मॅडमचं चित्र पुरं होत नाही, कारण मॅडमची सगळी कामगिरी त्यांच्याच अंगावरून गेली.

निर्मला ही मॅडमची धाकटी बहीण. लग्न झालेलं नव्हतं. मॅडमकडेच राहायच्या आणि घर सांभाळायच्या. आमच्याकडे घडी मोडायची रीत आहे. नवी साडी आली की तिची पहिली घडी आपण न मोडता घरातल्या एखाद्या मुलीला, नणंदेला, मैत्रिणीला मोडायला देतात. ती आधी नेसते, मग आपण. हा मान असतो, लाड असतो. सवाष्णीला किंवा कुमारिकेला देतात. विधवेला कोणी देत नाही. मॅडमचा नवरा गेल्यापासून त्यांना कोणी एकही साडी घडी मोडायला दिली नव्हती. मॅडम असल्या रीतींची टिंगल करायच्या. पण त्यांनी स्वतःही तेव्हापासून कधी नव्या साडीची घडी मोडली नव्हती, हे माझ्या बायकोच्या, मंदाच्या लक्षात आलं. माझ्या आलं नव्हतं.

कारखान्यातलं प्रत्येक नव्या डिझाइनचं पहिलं सँपल मॅडम घरी न्यायच्या आणि त्याची घडी निमूताई मोडायच्या. त्यांनी ती साडी सकाळपासून नेसायची. केर काढायचा, कणीक मळायची, उकिडवं बसून भांडी घासायची. मॅडम खुर्चीत बसून बघायच्या, डिझाइन कुठे मरतं, कुठे उठतं. कांजी उतरून साडी मऊ झाली की दुसऱ्या दिवशी मॅडम ती नेसून कारखान्यात. निमूताई परत मॅडमच्या जुन्या साडीत. अंबरनाथमध्ये त्यांच्याएवढ्या नव्याकोऱ्या साड्या दुसऱ्या कोणी नेसल्या नसतील, आणि त्यातली एकही त्यांची नव्हती.

रविवारी मी गेलो की त्या पाणी घेऊन यायच्या आणि हळूच विचारायच्या, "भोईर, आज मी कोण?"

"आज तुम्ही निळ्या कोयऱ्या."

"आणि गेल्या रविवारी?"

"गेल्या रविवारी जाळीतलं चाफ्याचं फूल."

"फूल बरं होतं. कोयऱ्या टोचतात."

"निमू, चेष्टा पुरे," आतून आवाज यायचा. "वळून दाखव. भोईर, मागच्या चुण्या काढ. लवकर, ती हलेल."

मग नव्वद साल उलटून गेल्यावर निमूताईंना एक स्थळ आलं. बदलापूरचे टिपणीस, एका कंपनीत अधिकारी, बायको वारलेली, मूल नाही. मॅडमच्या एका आत्याबाईंनी जुळवलं. निमूताई तेव्हा चाळिशीकडे झुकलेल्या. टिपणीस दोनदा येऊन गेले, बटाट्याच्या काचऱ्या मागून मागून खाल्ल्या, आणि होकार कळवला. आत्याबाई म्हणाल्या, "चला, आता निमूच्या संसाराची घडी बसेल."

"घडी बसलेलं कापड कपाटात असतं, आत्या," मॅडम म्हणाल्या. "अंगावर नसतं."

पण विरोध केला नाही. साखरपुड्याचा दिवस त्यांनीच ठरवला. त्या आधीच्या रविवारी निमूताईंनी मला पाणी देताना विचारलं, "भोईर, त्या दिवशी मी कोण असेन हो?"

"त्या दिवशी तुम्ही निमूताई."

त्या एवढ्या लाजल्या की पाणी सांडलं.

साखरपुड्याला मी शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणायला होतो, मंदा स्वयंपाकघरात. टिपणिसांकडून त्यांची आई, बहीण आणि चार नातेवाईक. मुलाच्या आईनं मॅडमना जरा मागे उभं राहायला सांगितलं, निमूताईंची ओटी भरली आणि साडीचा बॉक्स हातात दिला. कुसुंबी रेशीम, हिरवा काठ, कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं. "जा बाळ, नेसून ये."

निमूताई आत गेल्या. मॅडम त्यांच्यामागे. "मी नेसवते तिला."

बराच वेळ झाला. चहा फिरून झाला. मग पडदा सरला आणि ती साडी नेसून मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या मागे निमूताई, होत्या त्याच सुती साडीत.

आत काय झालं ते मंदानं दारातून पाहिलं होतं. मॅडमनी बॉक्स उघडला. घडीवरून बोट फिरवलं. साडी नाकाशी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "निमू, जरा थांब." आणि नेसायला लागल्या. निमूताई जवळ गेल्या. सवयीने गुडघ्यांवर बसून त्यांनी मॅडमच्या निऱ्या खालून सारख्या करून दिल्या.

बाहेर कोणाला काही समजेना. मॅडम हसत होत्या. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

"आमच्याकडे नव्या साडीची घडी निमू मोडते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं माझ्या साड्यांच्या मोडल्या. आज तिची मी मोडली. एकदा तरी उलटं नको व्हायला? काठ जरा जड आहे हं. निरी उभी राहत नाही. निमूच्या कमरेवर तर पोत्यासारखी दिसली असती."

टिपणिसांची आई उभी राहिली. "ही काय थट्टा आहे? नवरीची साडी... आणि तुमच्यासारखीनं..." पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मुलीनं ते पुरं केलं, आणि चांगलं मोठ्यानं केलं. "तुमच्या अंगावरून उतरलेली साडी आता आमच्या घरच्या सुनेनं नेसायची का?"

"धुऊन घ्या," मॅडम म्हणाल्या. "रंग पक्का आहे की नाही, ते तरी कळेल."

आत्याबाई रडायला लागल्या. टिपणीस स्वतःच्या बुटांकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "आई, निघू या."

सगळे उठले. त्या गोंधळात निमूताई पुढे आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, ओरडतील. सगळ्यांनाच तसं वाटलं असावं, कारण क्षणभर सगळे थांबले. त्यांनी मॅडमच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

"सरकला होता, ताई," त्या म्हणाल्या.

माणसं गेल्यावर मॅडमनी मंदाकडे चहा मागितला. मला म्हणाल्या, "भोईर, खुर्च्या पोचव ज्याच्या त्याला."

दुसऱ्या दिवशी ती साडी बदलापूरला परत पोचवायला मलाच पाठवलं. निमूताईंनी तिची मूळच्या रेघांवरून अशी घडी घातली होती की दुकानातून आत्ताच आली म्हणावी. टिपणिसांच्या आईनं बॉक्स हातात घेतला नाही. पायरीवर ठेवायला सांगितला. मी निघालो तेव्हा टिपणीस फाटकापर्यंत आले.

"त्या... बऱ्या आहेत ना?"

"हो."

"आईचंही बरोबरच आहे हो तसं," ते म्हणाले, आणि आत गेले. बॉक्स पायरीवरच होता.

मॅडमनी असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला. बहीण गेली तर सँपल कोणाच्या अंगावर बघणार, हे एक. ज्या घरानं ओटी भरताना त्यांना मागे उभं केलं होतं, त्या घराला डिवचायचं, हे दुसरं. मंदाला विचारलं तर ती म्हणाली, "नवी साडी नेसावीशी वाटली असेल. दुसरं काय?" मला ते सगळ्यात भयंकर वाटलं, कारण तेच खरं असावं.

रविवार पुन्हा सुरू झाले. निमूताई पाणी आणायच्या. "आज मी कोण?" मात्र विचारत नसत.

पुढे एक दिवस मॅडमनी मला नोकरीवरून काढलं. "इथे राहिलास तर माझ्यासारखं काढशील. माझ्यासारखं काढणारी मी एक पुरे." मुंबईच्या एका कंपनीत त्यांनीच फोन केला होता. "मुलगा हुशार नाही, पण हट्टी आहे. फाडलं की परत काढतो," एवढीच शिफारस. तिथे मी डिझायनर झालो. माझं पहिलं स्वतंत्र डिझाइन पळसाच्या पानांचं. गठ्ठ्यात घडीवर एक पान पूर्ण दिसेल आणि निऱ्या घातल्या की पानं कडेनं एकेक उभी राहतील, असं मी बांधलं होतं. शेठचंही ऐकलं आणि मॅडमचंही. साडी चालली. मी पेढे घेऊन अंबरनाथला गेलो.

दार उघडंच होतं. मॅडम गॅलरीत खुर्चीत, मांडीवर कागद.

"कशात नापास झालास?" पुड्याकडे बघून त्यांनी विचारलं.

पुडा माझ्या हातातच राहिला, कारण समोर निमूताई होत्या. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. केस पांढरे झाले होते. अंगावर माझी पानं. मॅडमनी उल्हासनगरहून मुद्दाम आणवली होती. कांजीनं साडी कडक होती, पायांशी करकर वाजत होती.

"बस," मॅडम म्हणाल्या. निमूताई उकिडव्या बसल्या. "ऊठ. वाक. परत."

त्या वाकल्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला. मग माझ्याकडे बघून, कितीतरी वर्षांनी, हळूच म्हणाल्या, "भोईर, आज मी कोण? ओळखलंत?"

"तिसऱ्या निरीत पान मरतं," मॅडम म्हणाल्या. "बाकी ठीक आहे. निमू, थांबू नकोस, चाल."

मी पेढे टेबलावर ठेवले आणि निघालो. खाली रस्त्यावरून वर पाहिलं तर गॅलरीत माझी पानं अजून येत-जात होती.

घरी आल्यावर तिसऱ्या निरीचा हिशेब पुन्हा मांडला. मॅडमचं बरोबर होतं. डिझाइन दुरुस्त करून नव्या साड्या छापून आल्यावर त्यातल्या दोन मी एका पार्सलात बांधल्या आणि सोबत हे पत्र पाठवलं.

आदरणीय मॅडम,

सा. नमस्कार.

मला जे काही येतं ते तुमच्यामुळे येतं. हे मी तोंडावर कधी बोललो नाही, कारण तुम्ही बोलू दिलं नसतं. तिसऱ्या निरीतलं पान दुरुस्त केलं आहे. तुम्ही सांगितलं नसतं तर मला दिसलं नसतं.

सोबत दोन साड्या आहेत. खालची निमूताईंची आहे. तिची घडी शाबूत आहे. ती त्यांनीच मोडायची आणि नंतरही ती त्यांचीच.

वरची तुमची. तिची घडी मोडायला निमूताईंना सांगू नका. ती मोडून झाली आहे. माझ्या आईनं मोडली. एकदा कारखान्यात खिडकीशी उभी राहिली होती, ती. वडील गेल्यापासून तिलाही कोणी घडी मोडायला साडी दिली नव्हती, म्हणून मी तुमची दिली. तिला सहावारी नेसता येत नाही, मंदानं नेसवली. आई दिवसभर त्यात वावरली, तांदूळ निवडले, पाणी भरलं. मी समोर बसून पाहिलं. पान कुठे मरत नाही. या वेळी मी आधी आईकडे पाहिलं आणि मग साडीकडे.

चुण्या तिच्या अंगाच्या आहेत. इस्त्री केलेली नाही.

बाईंना काही निरोप आहे का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांग बाईला, मऊ करून धाडलीय."

आपला,
भोईर